हमरियातले पहिले वाचक

त्यांची-माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि भांडण त्यांनीच उकरून काढलं. ओमानमध्ये, रुवीतल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये मी हृदयाची सोनोग्राफी करणारी इको टेक्निशियन होते. दुपारी पेशंट नव्हते, म्हणून एक रहस्यकथा उघडून तिचं शेवटचं पान वाचत बसले होते. ही माझी जुनी खोड. पुस्तक हातात आलं की आधी शेवट बघायचा. कोण मेलं, कुणाचं लग्न झालं, खून कुणी केला, एवढं कळलं की मग मी निवांतपणे पहिल्या पानाकडे वळते. मला थांबता येत नाही. दूध तापत ठेवलं तरी त्याला नीट तापू देत नाही.

"बाई, हे काय चालवलंय तुम्ही?"

दारात एक उंच, जरासे पोक काढून उभे असलेले गृहस्थ होते. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. मला वाटलं, मशीनबद्दल काही तक्रार असेल.

"शेवटचं पान आधी वाचताय? ज्यानं ते लिहिलं तो माणूस इतकी पानं उगाच झिजला का?"

"तुम्ही शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपा," मी म्हणाले. माझ्या हातात त्या क्षणी तेवढाच अधिकार होता.

ते झोपले, पण गप्प झाले नाहीत. "एक सांगून ठेवतो. तुमच्या त्या पडद्यावर जे दिसेल ते डॉक्टरांना कळवा, मला नको. मला फक्त परत कधी यायचं तेवढं सांगा. पुढचं पान पुढं."

तसंही आम्ही टेक्निशियन पेशंटला काही सांगत नाही. पण माझा चेहरा माझं ऐकत नाही, ही अडचण आहे. त्यांच्या हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. अजून वेळ होता, पण फार नव्हता. मी पडद्याकडे बघत होते आणि ते मुद्दाम भिंतीकडे.

जाताना म्हणाले, "शुक्रवारी दुपारी आमच्याकडे या. मिस्टरांनाही आणा. तुमची ही खोड घालवू."

मी चिडून गेले. घालवून दाखवाच म्हटलं.

रुवीला लागूनच असलेल्या हमरियात एका जुन्या इमारतीत, खाली शिंप्याचं दुकान आणि करक म्हणजे कडक चहाची टपरी, त्यावर तिसऱ्या मजल्यावर ते राहायचे. लिफ्ट चालू असली तर नवल. लग्न केलेलं नव्हतं, सांगलीला एक बहीण होती. एका कंत्राटदार कंपनीत ते एस्टिमेटर होते. म्हणजे बांधकाम सुरू व्हायच्या आधीच शेवटी किती खर्च येईल हे सांगायचं, यावर त्यांचं पोट होतं. आणि हा माणूस मला शेवट बघू नका म्हणत होता. हे मी त्यांना एकदा तोंडावर ऐकवलं. ते म्हणाले, "म्हणूनच तर. आठवडाभर शेवटच काढत बसतो. शुक्रवारी तरी सुट्टी नको?"

शुक्रवारचा प्रकार असा होता. एक जाडजूड, जुनी इंग्रजी कादंबरी होती. तिचं नाव मी इथं घेत नाही, कारण घेतलं तर तुमच्यातले माझ्यासारखे लोक लगेच फोन काढून तिचा शेवट शोधतील. त्यात आई नसलेली एक मुलगी आहे, एवढं पुरे. ही कादंबरी पहिल्यांदा छापली गेली तेव्हा सबंध पुस्तक मिळतच नसे. दर महिन्याला एक पातळ हप्ता निघायचा. लोक तो एकत्र बसून मोठ्यानं वाचायचे आणि मग महिनाभर तळमळत बसायचे. आमच्या या गृहस्थांच्या डोक्यात एकच खूळ होतं, की कादंबरी वाचायची तर तिच्या पहिल्या वाचकांनी वाचली तशी वाचायची. त्यांनी रुवीतल्या दुकानातून नवीकोरी प्रत आणली आणि हमरियातल्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन तिचे कटरनं तुकडे करवले. तो मल्याळी झेरॉक्सवाला म्हणे आधी तयारच होईना. नव्या पुस्तकावर पातं फिरवायचं त्याच्या जिवावर आलं. शेवटी त्यानं सगळे तुकडे वेगवेगळ्या पाकिटांत घालून, चिकटवून दिले.

ही पाकिटं गावडेंकडे असायची. गावडे कुडाळकडचे, एसी मेकॅनिक, एकटेच राहायचे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून खजिनदार म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हत्यारांच्या पेटीतून ते एक पाकीट काढून द्यायचे. मग आमचे वाचक आधी इंग्रजीतून एक उतारा वाचायचे आणि लगेच तो मराठीत सांगायचे. बाकीचे शुक्रवार त्याच हप्त्यावर चर्चा. पुढं काय होईल यावर वाद घालायचे, पण पुढं बघायचं नाही.

ऐकायला आम्ही नवराबायको, गावडे आणि खालच्या मजल्यावरच्या लेले वहिनी. वहिनींची मुलगी एकदाच आली. तिचं मराठी इंडियन स्कूलच्या बसमध्ये कुठंतरी राहून गेलं होतं. ती म्हणाली, "काका, पण हे ऑलरेडी नेटवर असेल ना? मी जस्ट सर्च करते."

त्या दिवसापासून दारातच प्रेशर कुकर ठेवलेला असायचा. आत यायचं, आपला फोन कुकरमध्ये टाकायचा, झाकण लावलं जायचं. एकदा आत माझ्या नवऱ्याचा फोन इतका वेळ थरथरत राहिला की वहिनी सवयीनं गॅस बंद करायला उठल्या.

हा नियम त्यांच्यासाठी एका कादंबरीपुरता नव्हता. क्रिकेटचा स्कोअर कुणी सांगितला की ते कानात बोटं घालायचे. सांगलीहून कुणी येणार असलं की बहीण जुनी वर्तमानपत्रं पाठवायची. ती तारखेप्रमाणे लावून ते रोज एक वाचायचे. मंत्रिमंडळ पडून गेलेलं असलं तरी यांच्याकडे ते अजून डळमळतच असायचं. मी विचारलं, "तुम्हाला अस्वस्थ होत नाही?"

"होतं की. खूप होतं. त्यासाठीच तर वाचायचं," ते म्हणाले. "आणि तुम्ही कसल्या शेवटाच्या गोष्टी करता? आपण सगळे इथं दोन-दोन वर्षांच्या व्हिसावर आहोत. इथं हप्त्यानंच जगायचं असतं."

हे बोलताना ते मध्येच थांबले आणि मग वाक्य पुरं केलं. वाचतानाही असे थांबायचे. लेले वहिनी म्हणायच्या, "काय सुंदर थांबतात हो! अंगावर काटा येतो." काटा माझ्याही अंगावर यायचा, पण मी ती झडप बघितली होती. ते भावनेसाठी थांबत नव्हते, श्वासासाठी थांबत होते. मला हे कुणाला सांगता येत नव्हतं, आणि त्यांना तर ऐकायचंच नव्हतं. त्या घरात शेवट ठाऊक असलेली एकटी मीच होते, तोही भलत्याच गोष्टीचा. जन्मात पहिल्यांदा मला शेवटचं पान बघितल्याचा राग येत होता.

एका शुक्रवारी हप्ता अशा जागी तुटला की आमची मनं जागेवर राहिली नाहीत. त्या मुलीला ताप भरलेला, डॉक्टर जिना चढून वर येतोय, आणि पाकीट संपलं. गावडे उठून उभेच राहिले. "ह्यां काय? फुडचा खंय असा?"

"पुढचं तुमच्याच पेटीत," ते हसत म्हणाले. "पण महिना जाऊ दे. यल्ला, आता सगळे मत्रहला चला. पहिल्या वाचकांनी अशा वेळी काय केलं ते दाखवतो."

मत्रहच्या कॉर्निशवर ऊन उतरायला लागलं होतं. समुद्राच्या कडेच्या कठड्याला टेकून त्यांनी सांगितलं, की म्हणे कादंबरीचे हप्ते परदेशी जहाजानं जायचे. तिकडचे वाचक धक्क्यावर गर्दी करून उभे राहायचे. जहाज लागेपर्यंतही कुणाला दम नसायचा. पाण्यापलीकडूनच लोक खलाशांना ओरडून विचारायचे, की ती मुलगी जगली का? काही वाचक तर थेट लेखकालाच लिहायचे, हिला मारू नका, तुमच्या पाया पडतो म्हणून. आणि काही लेखकांनी वाचकांच्या हट्टापायी शेवट बदललेसुद्धा.

"आणि ते लेखकानं ऐकून घ्यायचं?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"का नाही? महिनोन् महिने ज्यांचा जीव टांगून ठेवला, त्यांचा तेवढा हक्क असतो."

हे वाक्य मी जपून ठेवलं. पुढं ते मला फार उपयोगी पडलं.

तेवढ्यात मासेमारीची एक होडी धक्क्याकडे येताना दिसली. या माणसानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि भर कॉर्निशवर मराठीत आरोळी ठोकली, "ती जगली का हो?"

फिरायला आलेले लोक वळून बघायला लागले. माझ्या नवऱ्यानं आमच्याशी ओळख नसल्यासारखं तोंड फिरवलं. होडीतल्या म्हाताऱ्या ओमानी कोळ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं छातीवर हात ठेवला आणि हसून देवाचे आभार मानत ओरडला, "अल्हम्दुलिल्लाह!"

"बघा, जगली," ते गावडेंना म्हणाले, आणि पुढच्या क्षणी कठड्याशीच खाली कोसळले.

काही पळं गेली असतील, मला ती फार लांब वाटली. गावडेंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, मी नाडी धरली. डोळे उघडले तेव्हा चेहरा राखेच्या रंगाचा होता. सगळ्यांचे घाबरे चेहरे बघून त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "काही नाही हो. आत एक दार आहे म्हणे, ते नीट उघडत नाही. बदलून घ्या म्हणतात. घेऊ कधीतरी."

दुसऱ्या दिवशी ते क्लिनिकमध्ये आले. या वेळी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून, भिंतीकडे बघू न देता सांगितलं. काही आठवड्यांत ऑपरेशन झालं पाहिजे. नाही झालं तर पुढच्या वेळी कठड्याशी पडून उठायला मिळेलच असं नाही. ते बाहेर आले आणि मला म्हणाले, "कादंबरी संपली की जातो सांगलीला."

"किती पाकिटं राहिलीत?"

"आहेत अजून. मंडळींना मध्येच टाकून कसा जाऊ?"

मी भर कॉरिडॉरमध्ये ओरडले असते. दात-ओठ खात आत गेले. डॉक्टरांनी फोन केला की ते म्हणायचे, इन्शाल्ला. बहिणीचा फोन आला की, इन्शाल्ला. आखातात या शब्दात श्रद्धाही असते आणि टाळाटाळही. यांची कुठली होती ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला घरात बसवेना. कपाटं आवरली, डबे घासले, घासलेले परत घासले. नवरा म्हणाला, "तू त्यांच्यासाठी एवढा का जीव पाखडतेस?" हा भांडकुदळ, हेकट माणूस मरू नये, एवढंच मला हवं होतं.

मग मी लेले वहिनींना आणि गावडेंना गाठलं.

पुढच्या हप्त्याच्या शुक्रवारी आम्ही गेलो. कुकर दारात तयार होता. कुणी फोन टाकला नाही. ते खुर्चीत बसून हात पुढे करून थांबले होते. "गावडे, पाकीट."

गावडेंनी हत्यारांची पेटी मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "नाय."

"नाही म्हणजे?"

"आमी फुडचा आयकूचव नाय, काकानू. आधी तुमी आप्रेशन करून येवा."

त्यांना खरंच कळेना. मुलगी तापानं फणफणलीय, डॉक्टर जिन्यात, आणि ऐकायचं नाही? महिनाभर याच गावडेंनी सूर गावच्या साइटवरून फोन करून करून त्यांना विचारलं होतं, की त्या चेडवाचा काय झाला.

"तुम्हीच सांगितलंत ना," लेले वहिनी म्हणाल्या, "की वाचकांनी लेखकाला लिहिलं, मारू नका म्हणून. आम्हीही तेच सांगतोय."

"अहो, ती कादंबरी होती!"

"आणि हे काय आहे?" मी म्हणाले. "आमचाही जीव टांगलाय महिनोन् महिने. आमचा हक्क आहे. तुमचंच वाक्य."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं बघत होते आधी. मग त्यांनी पाकिटासाठी पुढं केलेला हात मागं घेतला. म्हणाले, "ठीक आहे. जातो. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की नवरा दचकला. "तिकिटाची तारीख सांगा."

"बाई, तुम्हाला धीर नाहीच का?"

"नाही. अजिबात नाही."

तेव्हा ते हसले. हसताना दम लागला म्हणून थांबले आणि दम खाऊन म्हणाले, "खलास. गावडे, पेटी बंद करा."

निघायच्या आधी मात्र त्यांनी एक अट घातली. मधली पाकिटं आम्ही दर महिन्याला वाचायची, वाचणार लेले वहिनी. त्यांना फोनवरून ऐकवायची, ऑपरेशननंतरही. पण शेवटचं पाकीट ते आल्याशिवाय फोडायचं नाही. आणि ते शेवटचं पाकीट त्यांनी गावडेंकडून घेऊन माझ्या हातात दिलं.

"चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" नवरा म्हणाला.

"म्हणूनच," ते म्हणाले. "गावडेंकडे ठेवलं तर मी तिकडं निर्धास्त पडून राहीन. यांच्याकडे आहे म्हटल्यावर मला झोप येणार नाही. यावंच लागेल."

ते पाकीट मी फ्रिजवर ठेवलं, तिथून तांदळाच्या डब्यात, तिथून नवऱ्याच्या सुटकेसमध्ये. कुठंही ठेवलं तरी मला ते घरभर जाणवायचं. त्याचा चिकटवलेला काठ नखानं चाचपून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे. कुणी म्हणेल त्यात काय एवढं. ज्याला ही खोड नाही त्याला नाही कळायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी क्लिनिकमध्ये असताना त्यांचा फोन आला. आवाज वेगळा होता, बारीक.

"बाई, खरं सांगा. तुम्ही ते फोडलंत ना?"

"नाही."

"शक्यच नाही. तुम्ही आणि फोडलं नाहीत? मी रागावणार नाही. शेवटचं पान तेवढं सांगा. ती जगते का?"

मी खुर्चीत बसले. "तुम्हाला माहीत नाही?"

"नाही हो." मग ते थांबत थांबत सांगायला लागले. कॉलेजात असताना फुटपाथवर मिळालेली जुनी प्रत त्यांनी घेतली होती. तिची शेवटची पानं फाटून गेली होती. तेव्हा दुसरी प्रत घ्यायची ऐपत नव्हती, आणि ऐपत आली तोपर्यंत न कळण्याचीच सवय लागून गेली होती. जन्म असा गेला. "आज मात्र वाटतंय, कळलं असतं तर बरं. उद्याचं काही सांगता येत नाही. सांगा ना. भीती वाटतेय मला."

हा माणूस स्वतःहून शेवट मागत होता, आणि माझ्याकडे तो नव्हता. मला रडू आलं, रागही आला.

"मला खरंच माहीत नाही," मी म्हणाले. "देवाशपथ. आणि तुमच्याशिवाय मी ते उघडणार नाही. या आणि वाचून दाखवा."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला, तुटका, वर चढणारा. मग ते म्हणाले, "तुम्हाला धीर आला की हो, बाई." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्याच हमरियातल्या घरी जमलो, किल्ली गावडेंकडे होती. फोन कुकरमध्ये टाकायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझा फोन टेबलावर मध्ये ठेवला होता आणि वाजला तेव्हा चौघांनीही एकदमच त्यावर ओरडून विचारलं, कसे आहेत? बहीण बिचारी घाबरून गेली. मग म्हणाली, झालं, शुद्धीवर आलेत. गावडेंनी तिथंच छातीवर हात ठेवला. "अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले, आणि देवाला नारळ बोलले.

ते परतले, पण राहायला नाही. तोवर कंपनीनं त्यांची जागा भरली होती. व्हिसा रद्द करायचा, घर रिकामं करायचं, एवढ्यापुरतेच आले होते. अंगानं निम्मे झाले होते. तरी तिसऱ्या मजल्यावर जिन्यानंच चढून आले, आणि मी खालपासून वरपर्यंत त्यांच्या मागं कान देऊन चालत होते. पण प्रत्येक मजल्यावर थांबावं लागत होतं, धाप लागत होती. अजून बरे व्हायचे होते. रिकाम्या खोलीत खुर्च्या नव्हत्या, आम्ही सतरंजीवर बसलो. दारात बांधलेल्या खोक्यांवर कुकर होता. मी पाकीट दिलं. त्यांनी चिकटवलेला काठ उजेडात धरून तपासला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. एवढी शाबासकी मला शाळेत कधी मिळाली नव्हती.

त्यांनी वाचलं, सांगितलं, थांबले, परत वाचलं. शेवटचं पान आलं तेव्हा ते त्यांनी न बघताच सुटं करून माझ्यापुढं धरलं. "घ्या. तुमची जन्माची हौस. तुम्ही वाचा."

मी पान हातात घेतलं. गावडे पुढं सरकले. त्या पानावर मुलगी पुन्हा अंथरुणावर होती आणि कुणीतरी दाराशी येऊन उभं होतं. मी हळूहळू वाचत होते. खाली टॅक्सी उभी राहायला फारसा वेळ उरला नव्हता, आणि या पानानंतर या माणसाला आमच्याकडे कान लावून बसायचं काहीच कारण राहणार नव्हतं. सांगलीला जाऊन ते बहिणीच्या पडवीत बसतील, औषधं टाळतील, तपासणीला इन्शाल्ला म्हणतील. शेवटच्या परिच्छेदाशी मी आले. आले, आणि तो न वाचताच पानाची घडी घालून ते पर्समध्ये टाकलं.

"पुढं?" ते म्हणाले.

"पुढच्या महिन्यात. पहिल्या शुक्रवारी फोन करा. त्याच्या आधी तिकडं तपासणी करून घ्यायची, रिपोर्ट मला पाठवायचा. मग सांगेन."

"बाई!" ते ओरडले. "हा अन्याय आहे!"

"माका पण नाय सांगणां?" गावडे म्हणाले.

"तुम्हालाही नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग असे हसले की त्यांना सतरंजीवर हात टेकावे लागले. विमानतळावरही रेलिंगपलीकडे जाईपर्यंत माझ्याकडे बघून बोट नाचवत होते.

तो महिना मी कसा काढला ते मला माहीत. रिपोर्ट आला, तो मी पहिल्या ओळीपासून वाचला. पहिल्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला. कशा आहात नाही, घरचे कसे आहेत नाही.

"सांगा आता लवकर, डॉक्टरकडे जाऊन आलोय, सकाळी टेकडीपर्यंत चालून आलोय, बहिणीचं सगळं ऐकतोय, ती मुलगी जगली का?"

पान माझ्या समोरच होतं. पण मी लगेच उत्तर दिलं नाही. एवढ्या लांब वाक्यात ते श्वासासाठी कुठंही थांबले नव्हते.